चंद्राचा पासपोर्ट फोटो

हर्णैच्या लिलावाचा गलका ओसरला
की मी पुळणीवर स्टँड उभा करतो.
ओल्या वाळूत एक पाय खचतो,
चंद्र चौकटीतून घसरतो.
पुन्हा आणावा, पुन्हा घसरतो.
दिवसभर दुकानात माणसांना सांगत असतो,
हनुवटी खाली, मान सरळ, हलू नका.
ह्याला कोण सांगणार.

अब्बास मुकादम जाळ्याचं शिसं आणून
स्टँडच्या आकड्याला बांधतो.
"आता बुडणार नाय," म्हणतो,
"म्हणजे बुडेल, पण सरळ बुडेल."

तृतीयेची कोर. खाली शुक्र,
इतका उघडा की नुसता पांढरा डाग येतो.
किल्ला मुद्दाम चौकटीबाहेर;
तो सगळ्यांच्या फोटोत असतोच.
पाण्यालगत एक ठिपका.
"बुध," मी म्हणतो.
अब्बास अंदाजानेच मान हलवतो.
"त्या अंगाला? एलईडीवाला असेल.
बुध नव्हे, चोर आहे तो."

ईदच्या चंद्राची साक्ष द्यायला
तीस वर्षं मोहल्ल्याने याचेच डोळे नेले.
आता मोतीबिंदू. आभाळात दोन चंद्र दिसतात,
एकही धड नाही.
म्हणून येतो. मी फोटो मोठा करतो,
तो चष्मा कपाळावर सारून
पडद्याला नाक लावतो.

"कोरीच्या पोटात हे राखाडी काय?"

पृथ्वीचा उजेड, मी सांगतो.
आपल्या दर्यावरून, ढगांवरून उडालेला,
तिकडे जाऊन परत आलेला.

बराच वेळ गप्प.
"उधारी फेडणारं हे पहिलंच गिऱ्हाईक."

मग गुरू. त्याच्या बाजूला चार टिंबं.
मी शर्टाच्या टोकाने पडदा पुसतो.
तीन राहतात.
चौथं खारं पाणी होतं.

सकाळी दुकानात कार्ड उघडलं:
चार खलाशी, परवान्यासाठी,
मग चंद्र सत्तावीस वेळा,
मग रेशनकार्डाचं काम असलेली एक बाई, डोळे मिटलेली.
सत्ताविसातले सव्वीस हललेले.
उरला तो नीट आहे,
पण कान दिसत नाहीत, मागचा पडदा काळा,
कुठल्या कचेरीत चालायचा नाही.

अब्बाससाठी मोठ्या कागदावर काढलाय.
शुक्रवारी त्याला दापोलीला न्यायचं, ऑपरेशनला.
पट्टी सुटली की
त्या ठिपक्यावर बोट ठेवून
पुन्हा एकदा विचारीन.