सळई

वडनेरच्या जिनिंगात रात्रपाळीला दोघंच:
वजनकाट्यावर मी, बी.एस्सी.चा एक विषय राहिलेला,
आणि गंज्यांवर जंगू टेकाम,
हातात दहा फुटी सळई.

दर दोन तासांनी तो सरकीच्या ढिगात सळई खुपसतो,
जरा थांबतो, ओढून काढतो,
टोक गालाला लावतो.
"थंडी हाये."
मी वहीत लिहितो: थंड.

पौषाची रात्र. शेकोटीला इथं मनाई, बिडीलाही.
म्हणून वर पाहतो.
"ते तीन एका ओळीत, ते तिफन."
पुस्तकात मृग म्हणतात, मी म्हणतो.
"हरीन कायचं? नीट पाय.
अन् मांगं लोंबते ते सरतं."

सरत्याच्या मधोमध एक ठिपका पुसट,
जसा बोटाला चिकटलेला कापूस.
तो तारा नाही जंगूभाऊ, ढग आहे.
पाणी नाही त्यात. वायू, थोडी धूळ,
इतका विरळ, की त्याच्यापुढं
आपला एक श्वास म्हणजे दाबून भरलेली गाठ.
आणि त्याच्यामागं जो काळा ढग आहे, तो इतका गार,
की ही रात्र तिथं चूल वाटावी.
गार आहे म्हणूनच बसतो.
तापलेला वायू निसटतो, ओझं धरत नाही.
कुठंतरी जरासा दाट होतो,
दाट झालं की आणखी ओढतो,
लाखो वर्षं नुसता स्वतःवर बसत जातो,
आणि आत ऊब धरते.
बाहेरून काळोख. धूळ उजेड सोडत नाही.

"मंग कयते कसं? सळई कोन खुपसते?"

आहेत दुर्बिणी. उजेड नाही, नुसती ऊब पाहतात.

"म्हंजे गालच झाला."

तीन वाजता तिसऱ्या गंजीशी
तो बोललाच नाही. सळई माझ्याकडं केली.
कोंबडीखालून काढलेल्या अंड्याइतकी ऊब.

मग हाका, फावडी, टोपल्या,
झोपेतून उठलेली सहा माणसं.
गंजी फोडली तशी मधून वाफ निघाली
आणि कुबट, गोडसर वास.
पहाटेपर्यंत सरकी फरशीवर पांगवली.
तिफन तोवर प्रेसच्या पत्र्यामागं उतरलेली.

वहीत लिहिलं: नंबर तीन, फोडली.

"वर नाई ना कोनी फोडत?"
नाही, म्हटलं.
"बरं हाये."
सळई पुसून त्यानं भिंतीला लावली.
गालावर सरकीचं तूस चिकटलेलं होतं.
मी सांगितलं नाही.