इली

रात्री साडेदहाला अडिवेप्पाचा बारा-दहा
संकेश्वरच्या पुलापाशी माझ्या दारात येऊन थांबला.
इंजिन चालू, मागं अंधार.
जुन्या डिझेलचं असंच. एकदा पेट घेतला की
विजेवाचून अडत नाही त्याचं,
आंधळं झालं तरी ओढत राहतं.

"सात फ्यूज गेले, मेस्त्री.
शेवटी सिगरेटच्या पाकिटातली चांदी घातली,
तर डॅशातनं धूर."
हौद्यात गूळ. पहाटे कोल्हापूर गाठायचं,
आणि मधे तवंदीचा घाट.
मागनं येणाऱ्याला कसं कळावं
की पुढं कुणी उतरतंय?

फ्यूजच्या जागी मी बल्ब लावला, एकवीस वॅटचा.
मागच्या दिव्यांचे सगळे बल्ब काढून
इर्शादच्या टोपीत ठेवले.
आता तिकडं करंट प्यायला कुणी नाही,
तरी माझा बल्ब रखरखीत.
म्हणजे वाटेतच कुणीतरी पितंय.

या कामात उजेड म्हणजे दुखणं.
विझला तर सापडलं.
इर्शादला हे पटायला महिना गेला;
पोरगं सुरुवातीला, बल्ब पेटला की हसायचं.

मीटरच्या दिव्यांची वायर सोडवली. पेटलेलाच.
टपावरच्या दिव्यांची सोडवली. पेटलेलाच.
चेसीजकडं जाणारा कपलर ओढला
आणि दुकानात एकदम काळोख.
कपलर परत जोडून, पोतं टाकून, गाडीखाली गेलो.

खाली काय, अकरा गावची माती, ऑइल,
फळ्यांतनं पाझरलेला गूळ,
आणि वायरिंगवरनं शिस्तीत चाललेल्या मुंग्या.
टेपवर टेप. कापडी कुणाची, लाल कुणाची,
हुबळीच्या कुणीतरी मारलेली आडमुठी गाठ.
जो येतो तो आपल्यापुरतं झाकून जातो.

वीत वीत करून हलवत सरकलो.
वर इर्शाद ओरडतोय,
"हाय... हाय... हाय..."
तिसऱ्या आडव्या पट्टीपाशी
"गेला!"
"आला!"
"गेला की ओ!"

भोकातनं वायर आरपार, भोकाला रबर नाही.
आणि तपकिरीच्या जागी हिरवा तुकडा.
वर सायकलच्या ट्यूबची पट्टी,
तिच्यावर मेण लावलेला दोरा, डावीकडं आवळलेला.
या पट्ट्यात असा दोरा एकच माणूस बांधतो.

त्या दिवशी हिरेमठांचं दुकान बंद होतं.
तपकिरी वायर मिळाली नाही, हिरवी घातली.
रबर उद्या बसवू, म्हणालो होतो.
गाडी रात्रीच लोड घेऊन गेली.
अकरा वर्षं तो उद्या
लोखंडाच्या कडेवर पुढं-मागं, पुढं-मागं.

वर अडिवेप्पा टायरला टेकून इर्शादला सांगतोय,
"तुझ्या या मेस्त्रीनं मागं एकदा वायरिंग केलंतं बघ,
दहा वर्षं हात लावाय लागला नाही."

मी खालीच पडून राहिलो,
लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ.
नवी वायर घातली. तपकिरी.
रबर बसवलं, दोनदा ओढून बघितलं.
दोरा मात्र बांधला नाही.

"काय हुतं?"
"उंदीर."
"इली?"
"हौद री. इली."
मग त्यानं कानडीत उंदराच्या आईपासून सुरुवात केली,
आणि माझ्या वतीनं स्वतःच म्हणाला,
गुळाच्या गाडीला यायचाच की तो.

फ्यूजचे तेवढे चाळीस द्या म्हटलं.
त्यानं तीनशे खिशात कोंबले,
वर मूठभर गूळ.
नको नको म्हणालो मी, पण हात काही खिशाकडं गेला नाही.

दोन लाल दिवे पुलावर चढले,
वळणापर्यंत मी बघत राहिलो.
इर्शाद बल्बखाली उभा,
कापून टाकलेला हिरवा तुकडा चिमटीत धरून,
एकाच अंगानं रंध्यानं तासल्यासारखा.

"मेस्त्री," तो म्हणाला,
"उंदीर दोन्हीकडनं कुरतडतो की."