नळी सुटेपर्यंत

टाकी भरायला तीन मिनिटं लागतात,
असं आमच्या पाटीवर लिहिलंय, आणि ते खरंय.
नळी सुटायला किती लागतात
ते पाटीवर नाही.

वायू येतो उणे चाळीसचा गारठा घेऊन,
बाहेर तोकाचीचं पठार सकाळी नऊला उणे बावीस,
आणि नळीचं तोंड गाडीला असं धरून बसतं
जसं वासरू आचळाला.
ओढायचं नाही. ओबातांना हे सांगावं लागत नाही,
चाळीस वर्षं त्यांनी वासरंच सोडवलीत.

ते बुधवारी येतात.
त्यांच्याच गोठ्यातलं शेण
कुंपणापलीकडच्या टाकीत आंबतं, फसफसतं,
त्यातून मिथेन, मिथेनमधून हायड्रोजन,
आणि फिरून बुधवारी त्यांच्याच गाडीत.
"मी अजून गाईंच्याच जिवावर हिंडतो," म्हणतात,
दर बुधवारी, विनोद आजच सुचल्यासारखा.

आज मात्र लेकीबद्दल बोलले.
चिहायाची गाडी बॅटरीवरची.
सप्पोरोहून निघताना नव्वद टक्के,
खिंड उतरेतो एकवीस,
हीटर बंद, मांडीवर घोंगडी, नाक लाल.
तरी आल्या आल्या गोठ्याच्या भिंतीत वायर खोचली
आणि सकाळी गाडी भरलेली, गाईंच्या आधी.
"बाबा, तुमचा तो एकुलता पंप बंद पडला तर?"
तिनं जेवताना विचारलं,
मुळ्याचं लोणचं कडाकडा चावत.

"मग?" मी विचारलं.
"मग काय. भात वाढ म्हटलं."

मी हसले.
कंपनीचं पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं:
एप्रिलपासून फक्त मंगळवार आणि शुक्रवार.
महिन्याची गिऱ्हाइकं अकरा,
त्यातल्या चार फेऱ्या ह्यांच्याच.
सांगावं म्हणून तोंड उघडलं,
आणि नळीला हात लावून पाहिला.
अजून घट्ट.

कोमट पाणी आणू? नको म्हणाले.
आम्ही दोघं उभे, एकमेकांच्या वाफेकडे बघत.

टक्.

निघण्याआधी त्यांनी ते बटण दाबलं,
घरच्या अंगणात नको, फुसाए घसरते म्हणून.
गाडीनं माझ्या दारात पोट मोकळं केलं:
दोन पेले पाणी.
रंग नाही, चव नाही,
शेणाचा वास तर शोधूनही नाही.

ती वळणाआड जाईतो
त्याची काच झाली होती.
मी वाळूची बादली आणायला आत गेले.
पुढच्या बुधवारी सांगेन,
मंगळवारी या म्हणून.