उपा

छपरावरून पडलो तेव्हा हातात एकच खवला होता,
आलेर्से लाकडाचा, जुना, बोटभर जाड.
चिलोए बेटावर घरांना खवले असतात, माशांसारखे,
एखादा गळला की पाणी सरळ बिछान्यात.
खवला मी वाचवला. हासळी मोडली.

"सहा आठवडे काही उचलायचं नाही,"
कास्त्रोच्या इस्पितळातली डॉक्टरीण म्हणाली,
"पिशवी नाही, कुऱ्हाड नाही. मूल तर नाहीच नाही."
मूल तेव्हा तिच्याच खुर्चीवर चढून
इस्पितळाचा शिक्का स्वतःच्या पोटावर मारत होतं.

मिलाराय. वीस महिने. अकरा किलो.
हे अकरा किलो मला आता तोंडपाठ आहेत
वाण्याच्या उधारीसारखे.

पहाटे साडेपाचला ओतिलिया शिंपल्यांच्या कारखान्यात जाते.
त्यांची व्हॅन हॉर्न देत नाही, नुसते दिवे लुकलुकवते,
कारण ड्रायव्हरच्या घरीही एक आहे.
मग दिवस आमचा.
तिचे दोन हात, माझा एक,
आणि मधोमध लोखंडी चूल, लालबुंद.

चुलीभोवती मी खुर्च्यांचं कुंपण घालतो.
ती कुंपणाला शिडी समजते.
मी पाय आडवा टाकतो. ती पायाला घोडा समजते.
मी ओरडतो. ती ओरडण्याला गाणं समजते
आणि पुढचं कडवं मागते.
एका हातानं लंगोट बदलणं कसं असतं
ते मी सांगणार नाही. मासा सोलून बघा,
जिवंत, पळता.

आणि मग दोन्ही हात वर: उपा.
उचल, घे, खांद्यावर बसव, खिडकीतून होडी दाखव,
सगळं तिच्या या दोन अक्षरांत.
उपा, उपा.
आणि माझ्याकडे उपाय नाही.

एकदा विसरलो. वाकलो, काखेत हात घातला,
आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला
तो मीही पहिल्यांदाच ऐकला.
ती आधी हसली. मग माझ्याकडे बघून थांबली.
त्यानंतर दोन दिवस तिनं उपा म्हटलं नाही.
मला वाटलं होतं, बरं वाटेल.

तिसऱ्या आठवड्यात मी जमिनीवर आडवा झालो.
हरलो म्हणून नाही.
म्हणजे, थोडा हरलो म्हणूनही.
डोकं टेबलाखाली, पाय चुलीच्या वाटेत.
टेबल वडिलांनी केलेलं.
खालच्या अंगाला पेन्सिलनं लिहिलेलं: ७८.
खोडलेलं. पुढे ७९. तेही खोडलेलं.
त्याखाली एक शिवी, बारीक, वळणदार अक्षरात.

चौतीस वर्षं मी या टेबलावर जेवलो.
हा माणूस कधी चुकला नव्हता,
निदान वरच्या बाजूनं.

आणि शिवीला खेटून लाल खडू:
गोल, रेघ, गोल, एक फराटा पायापर्यंत.
एका दिवसाचं काम नव्हे हे.
म्हणजे ही इथे येत होती, कितीतरी दिवस,
मी तिकडे वर उभा राहून
"कुठे गेली, कुठे गेली" करत असताना.

आता ती बटाटा आणते. जांभळा, कच्चा, एका बाजूनं चावलेला.
माझ्या छातीवर ठेवते,
दुखऱ्या बाजूला नाही.
जाते. दुसरा आणते.
पोतं कोपऱ्यात आहे आणि तिला कसलीच घाई नाही.

सातव्या बटाट्याला ओतिलिया आली,
बुटांना खाऱ्या पाण्याचा वास, बोटं सुजलेली.
वाकून टेबलाखाली बघितलं.
मिलारायनं माझा अंगठा दोन्ही मुठींत धरला,
जोर लावून ओढला,
आणि आईला बजावलं: उपा.
स्वतःसाठी नाही.

ओतिलिया म्हणाली, चुलीवरचं करपतंय.