मिरचीच्या पथारीवर मंगळ

मूळ मालिका मोठ्यांची, रविवारी रात्री नऊला.
तिच्यात कप्तान होता, दाढीवाला,
सात ग्रहांचा नकाशा तोंडपाठ असलेला.
आमच्या वाट्याला तिची फांदी आली :
गुरुवारी साडेपाचला, बावीस मिनिटं,
त्याच अंतराळतळाच्या तळघरात राहणारी तीन पोरं
आणि भंगारात काढलेला यंत्रमाणूस, चिमटा.
कप्तान फक्त पहिल्या भागात येतो,
किल्ल्यांचा जुडगा मोठ्या पोरीच्या हातात देतो,
म्हणतो, येतोच मी.
मग तेरा भाग त्याची वाट.

भटू शिंप्याच्या ओट्यावरून बघायचो, मी आणि लोटन.
लाइट गेली की चिमटा ठिपका होऊन विझायचा
आणि उरलेली गोष्ट लोटन सांगायचा,
बऱ्याचदा खरीपेक्षा बरी.
शुक्रवारी शाळा सुटली की मंगळ.
नंदुरबारच्या शिवेवर नजर पोचेल तिथवर
मिरची वाळत घातलेली, लालभडक.
नाकाला फडकं बांधून आम्ही उतरायचो.
शिंकला त्याचा ऑक्सिजन संपला,
हा नियम माझा.
देठं खुडायला बसलेल्या बायका, त्यांतच आई,
ओरडायच्या : ओ मंगळवाला, मालवर पाय नको दे रे!

वडील तेव्हा सुरतेला, उधन्यात लूमवर.
दिवाळीला यायचे. भाऊबीज झाली की
येतोच मी म्हणत पॅसेंजरमध्ये चढायचे.
एका दिवाळीपासून तेही थांबलं.
तिकडे दुसरं घर आहे
हे आईला गावाने सांगितलं,
आम्हाला कोणीच नाही.

त्या घरातली हेतल मला पहिल्यांदा भेटली
वडिलांच्या दहाव्याला.
महिन्याभराने तिने पाठवले चौदाच्या चौदा भाग,
जुन्या कॅसेटीवरून उतरवून घेतलेले.
जेवणं उरकून लावले.
थर्माकोल दिसतं. दार ढकललं की भिंत हलते.
चिमट्याच्या छातीवर लग्नमांडवातली दिव्यांची माळ,
सहाव्या भागात पत्र्यातून
कोणा घामेजल्या माणसाचा खरा कोपर.
कप्तान का आला नाही तेही कळलं :
परवडला नसेल. एक दिवसाचे पैसे त्याला दिले,
पुढचं सगळं किल्ल्यांवर भागवलं.

हसायला म्हणून लोटनला फोन केला.
तो हसला नाही. म्हणाला, बारावा बघ.
बारावा आम्हाला लहानपणी रटाळ वाटलेला,
त्यात काही घडतच नाही.
मोठी पोरगी खिशातून किल्ल्या काढते,
खिळ्याला अडकवते,
आणि धाकट्याला जेवायला वाढते.

मग हेतलला विचारलं, कॅसेट कोणाची?
पप्पांची, ती म्हणाली. शेजाऱ्याच्या मशीनवर भरून घेतलेली.
गुरुवारी पाळी बदलून घरी थांबायचे,
मला जवळ बसवायचे. मी चार वर्षांची,
मला काय समजणार?
त्यांचं लक्ष टीव्हीकडे कमी, घड्याळाकडे जास्त.
साडेपाच झाले की म्हणायचे,
आते तठे बी चालू व्हयनं व्हई.

चौदावा मी अजून लावलेला नाही.
तेव्हाही बघितला नव्हता, गावभर लाइट नव्हती.
माझ्याकडे आहे तो लोटनने अंधारात सांगितलेला :
त्यात कप्तान येतो,
तळघराचं दार स्वतःच्या खांद्याने उघडतो,
आणि आत पाऊल टाकल्या टाकल्या
शिंकतो.