बॅटरी

तिसऱ्या रात्री ढग फाटले.
पाणी जिन्याच्या नवव्या पायरीला होतं,
दर तासाला उतरून मी अंधारात
पायानं पायरी चाचपत होतो.
चिखलीत, आमच्या स्लॅबवर, सहा माणसं, एक रेडकू,
टाकीच्या आडोशाला ताणलेली ताडपत्री
आणि तीन सेलची बॅटरी, अर्धमेली.
गावात वीज नव्हती, म्हणूनच असेल,
आभाळात इतकी गर्दी मी आधी पाहिली नव्हती.
जोतिबाच्या डोंगरावर एक दिवा तेवढा होता,
तो आमच्यासाठी नव्हता.

मृणाली म्हणाली, “पप्पा, तिथं कोणच न्हाई का?”
मला वाटलं, चौगुल्यांच्या माडीचं विचारते.
दोन गल्ल्या पलीकडं ती काळीठिक्कर,
कमरेएवढ्या पाण्यात उभी.
“न्हाई,” म्हटलं, “सोनतळीला गेली असतील समदी.”
“तसं न्हवं. वर.”
तिनं हात पाण्याकडं केलाच नव्हता.

आठवीत होती. बाईंनी सांगितलेलं सगळं पाठ:
तारे किती, त्यांच्याभोवती दगडामातीचे गोळे किती,
त्यातले कितीतरी आपल्याहून थोरले.
मग आत्तापर्यंत कुणीतरी यायला नको होतं?
निदान एखादी हाक?

मी उद्यमनगरातला टर्नर.
लेथवर केसाएवढी चूक माझ्या बोटाला कळते,
आभाळातलं काय कळणार.
तरी बाप म्हणून काहीबाही बोललो.
लांब असतील. नाव मिळाली नसेल.
नाहीतर त्यांनीही आपल्यासारखी काठावरच घरं बांधली असतील,
माती काळी होती, ऊस माजायचा,
आणि पूररेषा काय, कागदावर असते.
एवढं बोललो आणि गप्प झालो,
कारण खाली आमचं तांदळाचं पिंप
पाण्यावर तरंगत भिंतीला आपटत होतं.
ठप्प. मग बराच वेळ काही नाही. मग ठप्प.
ती म्हणाली, “बॅटरी लावू? वर दाखवू?”
मी तिच्या हातातून काढून घेतली.
“यडी का काय? नाव आल्यावर लागंल.”

सकाळी नाव आली, नारिंगी जाकिटांची.
आधी ती चौगुल्यांकडं वळली.
माडीतून माणसं निघायला लागली: एक, चार, नऊ,
चौदावी आक्काताई, काखेत कोंबडी.
नाव आमच्या कठड्याला लागली तरी
मी खुळ्यागत बघतच होतो.
“तुमी हुता व्हय?”
“मग! आमाला वाटलं, तुमी गेलासा.”
“उजेड का न्हाई दावला?”
“बॅटरी वाचवत हुतो रं.”

पहिल्या संध्याकाळी आम्ही हाक मारली होती, एकदाच.
नेमकं तेव्हा ते म्हशी जिन्यावरून वर ओढत होते.
त्यांनी मारली दुसऱ्या दिवशी,
तेव्हा ताडपत्रीवर पाऊस असा बडवत होता
की मला माझंच बोलणं ऐकू येत नव्हतं.
चौदा आणि सहा. वीस माणसं
तीन रात्री एकमेकांना नाहीत असं धरून
भिजत बसली.

मृणाली आता विद्यापीठात, फिजिक्सला.
रविवारी घरी आली की सांगते,
लोकांनी शेताएवढ्या थाळ्या आभाळाकडं करून ठेवल्यात,
रात्रंदिवस कान लावून बसलेत.
“आणि बोलतंय कोण?”
“बोलत फारसं कोणच न्हाई. काहीजण म्हणतात, बोलूच नये.”
“का गं?”
तिनं भाकरीचा तुकडा मोडला,
रश्श्यात बुडवला, खाल्ला, आणि मग म्हणाली,
“वाचवत असतील.”

परवा नदी पात्राबाहेर पडली.
मी स्लॅबवरून तीनदा बॅटरी मारली,
चौगुल्यांकडून दोनदा उजेड आला.
त्या वर्षापासून हे आमचं ठरलेलं.
सेल नवे होते.
खाली उतरायच्या आधी इकडंतिकडं बघितलं
आणि बॅटरी सरळ वर धरली.
ढगच होते. उजेड त्यांच्या पोटाला लागून
पिठासारखा पसरत होता.
किती वेळ धरली, ठाऊक नाही.
पलीकडून आक्काताई ओरडली,
“आरं, आमी हिकडं हाय की!”