पॉइंट शून्य दोन

जुन्या बाजाराच्या मागं, जिथं बुधवारी आणि रविवारी
रस्ता दिसत नाही, नुसतं लोखंड दिसतं,
तिथं एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत आमची शाळा.
शाळा म्हणायचं नाही, असं झुलेखामॅडम सांगतात,
कार्यशाळा म्हणा.
मी शेड म्हणतो.
भिंतींच्या फटीत अजून ज्वारीचं पीठ आहे.
ड्रिल चालू केलं की भुरभुर खाली येतं
आणि पोरांच्या केसांवर बसतं.

मी टूलरूमचा माणूस. पिंपरीत एकतीस वर्षं.
मला पोरं कळत नाहीत, माप कळतं.
म्हणून पहिल्या दिवशी टेबलावर वर्नियर ठेवला
आणि म्हटलं, मोजा.
काय मोजू?
हाताला लागेल ते.

त्यांनी बिस्कीट मोजलं, बसचं तिकीट मोजलं.
रोशननं स्वतःचा केस उपटून मोजला
आणि मग सगळ्यांचेच उपटत सुटला.
किमया दुसऱ्या दिवशी आईची बांगडी घेऊन आली.
आतला व्यास, बाहेरचा व्यास, वहीत नीट मांडला,
मग म्हणाली, सर, झिजली किती ते कसं काढायचं?
नवी होती तेव्हाचं माप
कुणी घेतलंच नाही.

मी फळा पुसायला लागलो.
फळ्यावर काही नव्हतं.

सुदेशला ऐकू येत नाही. हे मला माहीत होतं,
तरी सवयीनं स्क्रू ड्रायव्हर मोटारीवर टेकवला,
मूठ कानाला लावली,
असं बेअरिंग ऐकायचं, म्हणून दाखवलं,
आणि मधेच थांबलो. घामच फुटला.
त्यानं माझ्या हातातून तो घेतला,
मूठ हनुवटीच्या हाडाला लावली, डोळे मिटले,
आणि दोन बोटं वर केली:
मागचं बेअरिंग. गेलंय.
खोललं. गेलं होतं.

कौसाबाई भंगार गोळा करायला यायच्या.
दारातच उभ्या राहून आमची गंमत बघायच्या.
एकदा नवीन आणलेलं तारेचं रीळ त्यांनी हातावर तोललं,
किल्लीनं खरवडलं, आणि रीळ माझ्यापुढं धरलं:
"फसवलं तुमाला. तांबं न्हाई ह्ये.
रंगवल्यालं अॅल्युमिनियम हाय."
एकतीस वर्षं, आणि मला वजनावरून कळलं नव्हतं.
दुसऱ्या दिवसापासून त्यांना खुर्ची.

मग ते कंपनीचे लोक आले, फॉर्म घेऊन.
लाभार्थी किती? बेचाळीस.
महिला किती? एकोणीस.
यातले उद्योजक किती झाले?
झुलेखामॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मी पंख्याकडं.
कोपऱ्यात कौसाबाई कॉइल भरत होत्या,
ओठ हलत होते, दोनशे एकोणनव्वद, दोनशे नव्वद.
साहेब म्हणाले, मावशी, जरा इकडे या.
त्यांनी मान वर न करता नुसता हात वर केला.
साहेब थांबले. त्यांच्या मागचा फोटोवाला थांबला.
बाहेर हातगाडीवाला ओरडत होता, तेवढंच.
तीनशे दहाला त्यांनी तार तोडली, गाठ मारली,
पदराला हात पुसले.
"हां. आता बोला."

फॉर्ममध्ये काय लिहिलं, मला माहीत नाही.

परवा माझ्या घरचा पंखा त्यांच्याकडं दिला.
बिल आलं. बिल नंबर सात.
अक्षर किमयाचं, सही कौसाबाईंची,
त्यातला काना जरा लांबलेला.
तार एकशे ऐंशी, मजुरी अडीचशे.
म्हटलं, अहो, वाइंडिंग मी शिकवलं तुम्हाला.
"म्हनून तर च्याचं पैसं लावलं न्हाईत."

रात्री पंखा लावला.
घरात कुणी जागं नाही हे बघून
स्टुलावर चढलो, स्क्रू ड्रायव्हर हनुवटीला लावला.
किंचित थरथर आहे.
पॉइंट शून्य दोन असेल, जास्त नाही.
सांगावं की नको, विचार करत बसलो.
नाही सांगितलं तर चालेल.
पण त्यांना कळलं, की मला कळलं होतं,
तर खुर्ची जायची माझी.